एका अमेरिकन शिलेदाराचे वडिलांस पत्र

१७९० सालच्या जून महिन्यात मद्रासहून एका तरुणाने आपल्या वडिलांना पत्र लिहिले. तरुणाचे नाव जॉन पार्कर बॉइड, वय पंचवीस. वडील जेम्स बॉइड मूळचे स्कॉटलंडचे, परंतु अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांती स्थायिक झालेले. त्या प्रांतातील न्यूबरीपोर्ट या बंदराच्या गावी २१ डिसेंबर १७६४ रोजी जॉनचा जन्म झाला होता. अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे राष्ट्र तेव्हा अगदी कोवळे होते. इंग्लंडने त्यांचे स्वातंत्र्य १७८३ साली मान्य केले आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून १७८९च्या एप्रिलमध्ये शपथ घेतली. त्याच वर्षी हा तरुण नशीब काढण्यासाठी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला होता.

या पत्रातील मजकूर पुढे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन चरित्रग्रंथांत उतरला आणि त्यामुळे तो आपणापर्यंत पोचला. यवतमाळ जिल्ह्यातील कुटुंबांनी त्याच्याकडे लक्ष द्यावे याला कारण आहे. ज्या राजाच्या दरबारी हा अमेरिकन चाकरीस राहिला, त्या हैदराबादच्या निजामाची सत्ता तेव्हा आपल्या वऱ्हाडावर, म्हणजे वणी, कळंब, दारव्हा, उमरखेड या मुलखावरही चालत होती. पत्रात आपल्या गावांचे नाव नाही; परंतु ज्या डामडौलाने लिहिणाऱ्याचे डोळे दिपले, त्याचा खर्च अशाच गावांच्या धान्याच्या कणग्यांतून निघत होता. आपल्या पूर्वजांचा इतिहास पुष्कळदा असा दुसऱ्याच्या पत्रातील ओळींच्या मधल्या जागेतून वाचावा लागतो.

पत्रातील मजकूर

बॉइडने वडिलांना कळवलेली हकिगत थोडक्यात अशी. निजामाच्या दरबारी असलेल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या नावे त्याने शिफारसपत्रे मिळवली आणि मद्रासपासून साडेचारशे मैलांचा प्रवास करून तो हैदराबादेस पोचला. हा प्रतिनिधी म्हणजे रेसिडेंट. त्या काळी कॅप्टन जॉन केनवे या पदावर होते. प्रतिनिधीने त्याला रीतसर निजामापुढे उभे केले. मनात धरलेल्या आशेइतकेच स्वागत झाले. दरबारी उपचार आटोपल्यावर निजामाने प्रत्येकी पाचशे पायदळाच्या दोन तुकड्या त्याच्या हाताखाली दिल्या आणि त्या मानाने वेतनही ठरवले.

यानंतर मुलगा वडिलांना लष्कराचे वर्णन ऐकवतो. निजाम टिपू सुलतानाविरुद्ध मोहिमेवर निघाला आहे. बरोबर दीड लाख पायदळ, साठ हजार घोडेस्वार आणि पाचशे हत्ती आहेत. प्रत्येक हत्तीवर जणू एक लहानसा किल्लाच उभारला असून त्यात एकेक नवाब आपल्या चाकरांसह बसला आहे.

न्यूबरीपोर्टच्या त्या घरी हे पत्र वाचले गेले असेल तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना कोणत्याही आईबापाला करता येईल. कालपर्यंत कामधंद्याच्या शोधात असलेला मुलगा आज हजार माणसांचा सरदार झाला होता. परदेशी गेलेल्या मुलाच्या पहिल्या पत्रात जे असते तेच येथेही आहे: मी सुखरूप आहे, येथील लोकांनी मला मान दिला, तुम्ही काळजी करू नये. अशा पत्रात आकडे थोडे फुगलेले असतात, याचेही नवल वाटायला नको.

हा तरुण देश सोडून का आला?

बॉइड घराबाहेर पडला त्या वेळची त्याच्या प्रांताची स्थिती आपल्या विदर्भातील वाचकाला फारशी परकी वाटणार नाही. स्वातंत्र्ययुद्ध संपले होते आणि मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी कर्जात बुडाले होते. युद्धात लढलेल्या शिपायांना पगाराऐवजी कागदी वचने मिळाली होती. ती त्यांनी पोटासाठी मिळेल त्या भावाने विकून टाकली होती. सरकारी कर रोख नाण्यांत भरायचा आणि नाणी तर कोणाकडेच नाहीत. सावकारांनी फिर्यादी केल्या. न्यायालयांनी जमिनी आणि जनावरे जप्त केली, कर्जदारांना तुरुंगात टाकले. १७८६च्या उन्हाळ्याअखेर शेतकऱ्यांचे जमाव न्यायालयांपुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी कामकाज बंद पाडले. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज हा स्वतः स्वातंत्र्ययुद्धातील कॅप्टन होता. १७८७च्या आरंभी हे बंड शस्त्रबळाने मोडण्यात आले.

याच धामधुमीत, १७८६ साली, तरुण बॉइड सैन्यात खालच्या दर्जाचा अधिकारी म्हणून दाखल झाला. नव्या प्रजासत्ताकाजवळ मोठे सैन्य पोसण्याची ऐपत नव्हती आणि इच्छाही नव्हती. ज्याला फक्त तलवारीचा धंदा अवगत आहे, अशा तरुणाला तेथे वाव उरला नाही. दुसरीकडे अमेरिकन जहाजे पूर्वेकडे येऊ लागली होती. १७८४ सालच्या अखेरीस ‘युनायटेड स्टेट्स’ नावाचे जहाज पाँडिचेरीस लागले आणि तो मार्ग खुला झाला. ज्याला घरी भवितव्य नव्हते त्याला समुद्राने वाट दाखवली.

कर्ज, जप्ती आणि गाव सोडणे या तीन शब्दांचा अर्थ यवतमाळ जिल्ह्यात समजावून सांगावा लागत नाही. परंतु एक गोष्ट येथेच नोंदवली पाहिजे. ज्या राज्यव्यवस्थेने शेतकऱ्याच्या कर्जावर शस्त्राचे उत्तर दिले, तिच्याच पदरी बॉइडने पहिला लष्करी धडा घेतला. शस्त्र कोणासाठी उचलायचे हा प्रश्न त्याच्यापुढे पुढेही अनेकदा आला. त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडताना आपल्यालाही तो टाळता येणार नाही.

साठ हजार घोडी काय खातात?

इतिहासाच्या अभ्यासकाने आकडा पाहिला की त्याला चारा आणि पाणी विचारावे. १७९० साली इंग्रज कंपनी, पेशवे आणि निजाम यांनी टिपूविरुद्ध एकजूट केली. पेशव्यांशी १ जूनला आणि निजामाशी ४ जुलैला तह झाले. त्या तहांत प्रत्येकाने किमान पंचवीस हजार फौज आणावी असा करार होता. बॉइडच्या पत्रातील दोन लाख दहा हजार हा आकडा त्याच्या कितीतरी पटींनी मोठा आहे. छावणीतील बाजारबुणगे, मोतद्दार, पखालवाले, भिस्ती, न्हावी, वाणी, तंबू उभारणारे फरास आणि सर्वांची बायकामुले यांनी भरलेले ते चालते शहर पाहून नवख्या माणसाने सगळ्यांनाच शिपाई मानले असेल, हे शक्य आहे.

तरीही त्याचा आकडा क्षणभर खरा धरून पाहू. एका घोड्याला दिवसाला तीन किलो हरभरा लागतो असे मानले, तर साठ हजार घोड्यांना रोज एक हजार आठशे क्विंटल लागेल. एका बैलाच्या पाठीवर साधारण एक क्विंटल ओझे जाते. म्हणजे केवळ घोड्यांच्या एका दिवसाच्या चंदीसाठी अठराशे बैल हवेत. महिन्याला चोपन्न हजार. यात माणसांची ज्वारी, हत्तींचा खुराक, मीठ, तूप आणि दारूगोळा धरलेला नाही. आकडा निम्म्याने कमी केला, दहाव्या हिश्शावर आणला, तरी प्रश्न उरतोच: हे धान्य वाहत कोण होते?

याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातील वाचकाला ठाऊक असले पाहिजे. ते वाहत होते बंजारा तांडे. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव, उमरखेड या तालुक्यांत आज जे तांडे वसलेले आहेत, त्यांतील लोकांचे पूर्वज दख्खनच्या सर्व लष्करांचे अन्नदाते होते. बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या लादून, नाईकाच्या आज्ञेत, बायकामुलांसह हा समाज उत्तरेतून दक्षिणेत आणि किनाऱ्यावरून घाटमाथ्यावर धान्य व मीठ नेत असे. या व्यापाराला ते लदेणी म्हणत. भंगी आणि जंगी नाईकांनी मोगल सरदार आसफखानाच्या लष्करासाठी धान्य आणले आणि त्याबद्दल त्यांना चारा, पाणी आणि वाटेची सनद ताम्रपटावर मिळाली, अशी परंपरा या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. लढणारे दोन्ही पक्ष तांड्याला सहसा हात लावत नसत. कारण आज शत्रूला धान्य पोचवणारा उद्या आपल्याला पोचवणार असे. १८०३ साली जनरल वेलस्ली वऱ्हाडच्या मोहिमेवर आला तेव्हा त्यानेही आपल्या पत्रांतून वारंवार या तांड्यांची चिंता वाहिलेली दिसते.

हत्तीवरचा नवाब बॉइडच्या पत्रात आला, परंतु बैलामागून चालणारी बंजारा स्त्री त्यात आली नाही. यात त्या तरुणाला मुद्दाम दोष देण्याचे कारण नाही. उंचावरच्या गोष्टी आधी दिसतात. पण पुढे काय झाले ते पाहा. नवाबांचे हत्ती गेले. १८६७मध्ये भुसावळहून लोहमार्ग नागपूरला पोचला आणि लदेणीचा कणाच मोडला. १८७१च्या कायद्याने इंग्रज सरकारने देशातील कित्येक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारण्याची वाट मोकळी केली आणि बंजारा समाजालाही त्याची झळ लागली. ज्यांनी राज्ये जगवली त्यांनाच पोलिसांपुढे हजेरी देण्याची पाळी आली. हा समाज मग डोंगरउतारावरील हलक्या जमिनीवर शेती करू लागला. पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यातूनच वसंतराव नाईक पुढे आले आणि १९६३ ते १९७५ अशी सुमारे अकरा वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले.

दोन धन्यांचा मुलूख

बॉइडच्या काळी वऱ्हाडात दुहेरी अंमल होता. नाव निजामाचे, पण महसुलातील मोठा वाटा नागपूरकर भोसल्यांचा. एकाच गावी निजामाचा अंमलदार वेगळा आणि भोसल्यांचा कमाविसदार वेगळा. रयतेच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की दाराशी दोन माणसे मागायला येत. दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, ही शुभवर्तमानातील शिकवण आपण देव आणि धन यांच्या संदर्भात ऐकतो. वऱ्हाडच्या कुणब्याने ती शब्दशः भोगली.

पत्र लिहून वर्ष उलटले नाही तोच १७९१-९२चा भीषण दुष्काळ आला. निजामाच्या राज्यात आणि दक्षिण मराठी मुलखात इतकी माणसे मेली की त्या काळाला लोकांनी कवट्यांचा दुष्काळ म्हटले. मृतांना मूठमाती द्यायलाही कोणी उरले नाही, म्हणून कवट्या रानोमाळ पडल्या. युद्धाने आधीच धान्य आणि बैल ओढून नेले होते. पाऊस न पडणे हा निसर्गाचा भाग झाला. परंतु कणगी रिकामी असणे यात माणसांचाही हात असतो.

चाकर ते शिलेदार

मराठी लष्करात बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची शस्त्रे घेऊन चाकरीस येई. बॉइड प्रथम निजामाचा पगारी अधिकारी होता. नंतर तो खऱ्या अर्थाने शिलेदार झाला, आणि तोही मोठ्या प्रमाणावर. त्याने स्वतःचा कंपू उभारला. प्रत्येकी सुमारे पाचशे माणसांच्या तीन पलटणी, त्यांच्या बंदुका, तोफा आणि हत्ती ही सारी त्याची खासगी मालमत्ता होती. जो राजा पैसे देईल त्याला हा कंपू भाड्याने मिळे. होळकर, निजाम आणि पेशवे या तिघांच्याही पदरी तो राहिला.

मार्च १७९५मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर मराठी सरदारांनी एकत्र येऊन निजामाचा पराभव केला. तीन कोटी रुपये खंडणी, दौलताबादचा किल्ला आणि मोठा मुलूख देण्याचे निजामाने कबूल केले. त्या सुमारास बॉइड हैदराबादच्या चाकरीत दिसतो. आणि १७९६मध्ये तोच पुण्यास येऊन दरमहा तीन हजार रुपयांवर पेशव्यांचा चाकर झाला. काल ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्या वैऱ्याकडे आज तो पगार घेत होता. या व्यवहाराला त्या काळी कोणी बेइमानी म्हणत नसे. धंदाच तसा होता. एका आयरिश माणसाचे उदाहरण याच वेळचे आहे. विल्यम टोन हाही तेव्हा पेशव्यांच्या लष्करात होता. त्याचा भाऊ वुल्फ टोन स्वतः प्रॉटेस्टंट असूनही आयर्लंडमधील कॅथलिकांच्या हक्कांसाठी झटला आणि स्वातंत्र्यासाठी १७९८मध्ये प्राणास मुकला. एकाने हक्कांसाठी जीव दिला. दुसरा १८०२ साली होळकरांच्या चाकरीत लढताना मारला गेला. तरी विल्यम टोनने मराठ्यांच्या चालीरीतींविषयी एक दीर्घ पत्र लिहून ठेवले, ते १७९९मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले आणि अभ्यासकांच्या उपयोगी पडले.

पुण्यातील या परदेशी पलटणींमुळे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही एक पान जोडले गेले. पेशव्यांच्या सैन्यात अनेक कॅथलिक शिपाई होते, त्यांत गोव्याकडील पुष्कळ. त्यांचा अधिकारी नोरोन्हा याच्या विनंतीवरून सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२मध्ये पुण्यात प्रार्थनामंदिरासाठी जमीन दिली. तेथे आरंभी साधे गवताने शाकारलेले मंदिर होते. क्वार्टर गेटजवळचे आजचे सिटी चर्च, म्हणजे निष्कलंक मातेचे मंदिर, ते हेच. ब्राह्मण पेशव्याने दिलेल्या जमिनीवर मिस्सा सुरू झाली, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. या देशात आपली मुळे परक्यांच्या तलवारीने रुजली असे म्हणणाऱ्यांना तिच्यात आपोआप उत्तर आहे.

पुढे बॉइडने आपला सारा सरंजाम फिलोज नावाच्या नेपल्सच्या इटालियन सेनानायकास विकला आणि तो मायदेशी परतला. ज्या पेशवाईचे त्याने वेतन घेतले, तिचा शेवटचा पाठलाग मात्र आपल्याच मातीत झाला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना मिळण्यासाठी वर्धा नदीकडे आलेल्या दुसऱ्या बाजीरावास कर्नल अॅडम्सने १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे गाठले. पेशव्यांच्या फौजेची तेथे दाणादाण उडाली. दीड महिन्यानंतर बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

त्याच दरबारातून दुसरे पत्र

बॉइडच्या पत्रानंतर तीनच वर्षांनी, १७९३मध्ये, त्याच हैदराबादहून दुसरे एक पत्र निघाले. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांनी ते पुण्यास नाना फडणिसांना लिहिले. मराठी इतिहासाच्या वाचकांना ते चांगले परिचित आहे. सिंधू नदीपासून दक्षिणेच्या समुद्रापर्यंत मराठ्यांचा दबदबा बसला याचा अभिमान त्यात आहे आणि मिळवलेले टिकवण्यासाठी सावध राहिले पाहिजे असा इशाराही आहे. काळे याच दरबारात वर्षानुवर्षे वावरलेले. कोणाचे मन कोठे आहे, कोण कोणाला पाण्यात पाहतो, हे ते जाणत. नवख्या अमेरिकनाला हत्ती दिसले, मुरलेल्या वकिलाला हेतू दिसले.

असे असले तरी दोन्ही पत्रांत एक गोष्ट सारखीच गाळलेली आहे. सत्ता कोणाची, फौज किती आणि मान कोणाला, याची चर्चा दोघेही करतात. परंतु पैनगंगेच्या काठी दोन अंमलदारांना वसूल देणारा माणूस दोघांच्याही लेखी नाही. परका माणूस तेवढा आंधळा आणि घरचा तेवढा डोळस, असा सोपा निष्कर्ष म्हणून येथे काढता येत नाही.

दुसरे ‘इंडियन’

बॉइडच्या आयुष्याचा उत्तरार्ध कळल्यावाचून त्याचे पत्र पुरते कळत नाही. मायदेशी परतल्यावर ७ ऑक्टोबर १८०८ रोजी तो अमेरिकन सैन्याच्या चौथ्या पायदळ पलटणीचा कर्नल झाला. १८११मध्ये ही पलटण इंडियाना प्रदेशाच्या सरहद्दीवर धाडण्यात आली. तेथील गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याने १८०९च्या तहाने मूळ रहिवाशांची सुमारे तीस लाख एकर जमीन घेतली होती. शॉनी जमातीचा टेकम्से हा पुढारी आणि टेन्स्क्वाटावा हा त्याचा भाऊ यांचे म्हणणे असे की, जमीन सर्व जमातींची सामाईक आहे. चार पुढाऱ्यांच्या सहीने ती विकली जात नाही. टिपेकानू नदीच्या संगमाजवळ त्यांनी निरनिराळ्या जमातींच्या लोकांचे एक गाव वसवले होते.

हॅरिसन सुमारे हजार शिपाई घेऊन त्या गावावर चालून गेला. टेकम्से तेव्हा दूर दक्षिणेस गेला होता. ७ नोव्हेंबर १८११च्या पहाटे गावकऱ्यांनी छावणीवर हल्ला केला. हॅरिसनच्या सैन्यात साठाहून अधिक मेले आणि शंभराहून अधिक जखमी झाले, तरी हल्ला परतला. दुसऱ्या दिवशी सैन्य गावात शिरले तेव्हा गाव ओस पडले होते. सैन्याने ते जाळले. हिवाळ्यासाठी साठवलेला मकाही जाळला.

कोलंबसाने १४९२मध्ये आपण हिंदुस्थानास पोचलो असे समजून तेथील लोकांना इंडियन म्हटले आणि ते नाव त्यांना चिकटले. बॉइडच्या आयुष्यात हे दोन्ही ‘इंडियन’ आले. हैदराबादचे इंडियन हत्तीवर बसलेले होते, म्हणून तो त्यांच्यापुढे शिफारसपत्रे घेऊन मान लववून उभा राहिला. टिपेकानूचे इंडियन रानात राहणारे होते, म्हणून त्यांच्या गावाला आग लागली. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतील कोलाम आणि गोंड बांधवांच्या पाड्यांवर जे कोणी गेले असतील, त्यांना हा भेद कोठून येतो हे सांगण्याची गरज नाही. ज्याला एक जण सरहद्द म्हणतो, ते दुसऱ्याचे घर असते.

बॉइडला मात्र यश शेवटपर्यंत साथ देत राहिले नाही. ऑगस्ट १८१२मध्ये तो ब्रिगेडियर जनरल झाला. ११ नोव्हेंबर १८१३ रोजी कॅनडात क्रायस्लर्स फार्म येथे त्याच्या हाताखालील सैन्याला संख्येने बरेच लहान असलेल्या इंग्रज फौजेने हरवले. साठ हजार घोडे आणि पाचशे हत्ती यांचे आकडे वडिलांना कौतुकाने कळवणाऱ्याला, संख्येने लढाई जिंकता येत नाही, हे असे शिकावे लागले. पुढे तो बोस्टन बंदरावर सरकारी अधिकारी झाला आणि ४ ऑक्टोबर १८३० रोजी तेथेच वारला.

आणखी एका मुलाचे पत्र

बॉइडच्याही दोनशे वर्षांपूर्वी एका परदेशी तरुणाने हिंदुस्थानातून आपल्या वडिलांना पत्र लिहिले होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी तरुण ऑक्टोबर १५७९मध्ये गोव्यास उतरला आणि १० नोव्हेंबरला त्याने लंडनमधील आपल्या व्यापारी पित्यास सारा सागरी प्रवास लिहून कळवला: वारे, मासे, पक्षी आणि जहाजावरील आजार. त्याही पत्रात नवलाई आहे. परंतु स्टीफन्स येथेच राहिला. त्याने लोकांची भाषा कानांनी ऐकली. १५८३मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात तो या भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य सांगतो. हे त्याच्या आधी फारसे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. १६१६मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत प्रसिद्ध झाले आणि १६१९मध्ये त्याने याच भूमीत देह ठेवला.

दोघांनाही एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. एक व्रतस्थ होता, दुसरा शिपाई. आणि शिपाईपणाला शुभवर्तमानाने तुच्छ लेखलेले नाही. योहान बाप्तिस्त्याकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना तलवार टाकण्यास सांगितले नाही. कोणास नाडू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, एवढेच सांगितले. हे एवढेच किती अवघड आहे, ते बॉइडच्या कहाणीवरून कळते. माणूस कोठे गेला आणि त्याने किती मिळवले यापेक्षा, जेथे गेला तेथल्या माणसांकडे त्याने कोणत्या नजरेने पाहिले, हे त्याच्या पत्रात उतरते आणि मागे राहते.

आपल्या घरची पत्रे

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांच्या पेट्यांत अजून पत्रे आहेत. कोणाचे आजोबा रेल्वेत होते, कोणाचे लष्करात. कोणाची आत्या परिचारिका म्हणून मुंबईला गेली, कोणाचा मुलगा आखाती देशात. त्या निळ्या अंतर्देशीय पत्रांत आणि पोस्टकार्डांत पाऊस, कापसाचा भाव, नाताळला येणे जमणार नाही याची हळहळ आणि पाठवलेल्या मनीऑर्डरची रक्कम असते. बॉइडच्या पत्रात जे नाही ते नेमके या पत्रांत आहे. वऱ्हाडचा इतिहास खालून लिहायचा झाला, तर साधने हीच.

म्हणून काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. जुनी पत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. त्यात दमट हवा अडकते. सुती फडक्यात गुंडाळून, कोरड्या पेटीत, जमिनीपासून उंच ठेवावीत. वाळवीची नजर पावसाळ्यात ठेवावी. चिकटपट्टी लावू नये आणि पत्रावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवून घेऊ नये. पत्र कोणी, कोणाला, कोठून लिहिले हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून पत्रासोबत ठेवावे. कारण ‘तुमचा बाबू’ म्हणजे कोण, हे आज आजीला ठाऊक असते, उद्या कोणालाच नसते. मोबाईलवर छायाचित्र जरूर घ्यावे, पण म्हणून मूळ कागद टाकू नये.

आणि एक काम आजच्या तरुणांनी करावे. दूर नोकरीस असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी घरी हाताने पत्र लिहावे. त्यात आपल्या पगाराचा आणि साहेबाचा उल्लेख जरूर करावा. पण ज्या खोलीत राहता ती झाडणारी बाई, जेवण आणून देणारा मुलगा, इमारतीचा पहारेकरी यांची नावे विचारून घ्यावीत आणि तीही पत्रात लिहावीत.